पहिल्या ओळीतलं नाव

लेखाची पहिली ओळ अशी होती : ‘कोल्ड स्ट्रिप हा गॅव्हिन पास्को याचा इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकल्प आहे.’ माझ्या मुलीचं नाव बाराव्या ओळीत होतं. ‘सुरुवातीच्या काही वर्षांत लिओनी ट्रँटर ही त्याला मदत करत असे.’

या बारा ओळी वाचायला मला अर्धा तास लागला. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, ग्लेनिसबाईंच्या शेजारी बसून, पडद्यावर बोट ठेवून मी त्या वाचल्या. तेव्हा मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो आणि अक्षरं येऊ लागून तीन वर्षं झाली होती. नोलीन, माझी बायको, होती तोवर घरात वाचायचं काम तिचं होतं. ती गेली आणि टपालपेटीत आलेली पाकिटं तशीच साठत गेली, म्हणून मी बाईंच्या वर्गात जाऊन बसलो. बाई म्हणायच्या, ज्याला जे वाचावंसं वाटतं त्याने ते शोधून काढावं. मी लिओनीचं नाव शोधलं.

“मदत म्हणजे कसली मदत?” मी विचारलं.

“तसं काही लिहिलेलं नाहीये.”

“चहा करून द्यायची का ती त्याला?”

“क्लेम, हळू. लोक वाचतायत.”

कोल्ड स्ट्रिप ही जोडी होती, लिओनी आणि गॅव्हिन यांची. पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यात पत्रे थंड लाटायचा जो विभाग होता त्याचं हे नाव. मी तिथे एकतीस वर्षं काढली. गॅव्हिनच्या बापाचं औषधांचं दुकान होतं, त्या पोराने कारखान्याचं फाटक कधी ओलांडलं नाही. नाव तिचं, चाली तिच्या. अठ्ठ्याण्णव साली मेलबर्नमध्ये ती दम्याने मेली, अठ्ठावीस वर्षांची होती. पुढे गॅव्हिनने जुन्या तबकड्या नव्याने काढल्या तेव्हा वेष्टनावर एकच नाव उरलं होतं, आणि लेख लिहिणाऱ्यांनी ते वेष्टन पाहून लेख लिहिला होता.

“हा ज्ञानकोश कोणीही दुरुस्त करू शकतं,” बाई म्हणाल्या. “तुम्हीसुद्धा.”

“मी?”

“तुम्ही. इथे दाबा.”

तिथे सगळे टोपणनावाने लिहितात हे मला ठाऊक नव्हतं. मी हजेरीपटावर असायचं तसं पूर्ण नाव भरलं, क्लेम ट्रँटर. मग पहिली ओळ खोडून लिहिलं : ‘कोल्ड स्ट्रिप ही लिओनी ट्रँटर आणि गॅव्हिन पास्को यांची जोडी.’ टंकायला चाळीस मिनिटं लागली. बाईंनी दोन चुका सुधारल्या. मला एवढा आनंद झाला की मी उठून खोलीत एक चक्कर मारली.

परत येऊन बसलो तर ओळ जुनीच होती. सात मिनिटांत कोणीतरी माझी ओळ काढून टाकली होती. त्याचं नाव मॅगपाय. सप्टेंबरात टपालवाल्याच्या डोक्यावर झडप घालतो तो पक्षी.

प्रत्येक लेखाच्या मागे चर्चेचं एक पान असतं. बाईंनी ते उघडून दिलं. मॅगपायने एकच शब्द लिहिला होता : ‘संदर्भ?’

मी लिहिलं, ‘मी तिचा बाप आहे.’

उत्तर लगेच आलं. ‘मग तर तुम्ही हातच लावू नका. नात्यातल्या माणसाने लेख बदलायचा नाही असा इथला नियम आहे. आणि बाप हा संदर्भ होत नाही.’

मी लिहिलं की नोलीनने बुटांच्या खोक्यात कॅसेटी ठेवल्या आहेत, त्यांवर लिओनीच्या हाताने गाण्यांची नावं आणि तारखा लिहिलेल्या आहेत.

‘त्या छापून आल्या आहेत का कुठे?’

‘नाही.’

‘आजोबा, हा ज्ञानकोश आहे, तुमच्या बैठकीतला अल्बम नाही. आणि पुढच्या वेळी लिहिताना कोणाकडून तरी तपासून घ्या. तुमच्या दोन ओळींत पाच चुका आहेत. लिओनी एवढी हुशार असेल तर आईवर गेली असणार.’

बाईंनी मध्येच पडदा झाकायला हात पुढे केला. मी म्हटलं, राहू द्या, माझं वाचून झालं नाही.

त्या पानावर दुसराही एक जण होता. त्याचं नाव टेपहिस, म्हणजे कॅसेटवर गाणं सुरू होण्याआधी जी खरखर येते ती. तो बरा वाटला. त्याने लिहिलं, ‘क्लेम, वाईट वाटून घेऊ नका. मॅगपाय असाच आहे. पण नियम खरा आहे. आपल्याला छापील पुरावा लागतो, एखादी मुलाखत, एखादं परीक्षण. तसं काही सापडलं तर ओळ मी स्वतः बदलेन.’

मी क्लबात गेलो. बुधवारी दुपारी मी आणि केव्ह हिरवळीवर बोलिंग खेळतो. केव्ह कारखान्यात माझ्याच पाळीला होता.

“तुला हाकललं म्हणजे?” तो म्हणाला. “कोणी हाकललं?”

“एका पक्ष्याने.”

“तुझं डोकं फिरलंय. तू बाप आहेस तिचा. तुझ्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक?”

“छापलेलं लागतं म्हणे.”

“मग छापून घे. भिंतीवर लाव. टाक चेंडू.”

केव्हला सगळं ठाऊक नव्हतं. कारखान्यातल्या कोणालाच नव्हतं. लिओनी सिडनीला गेली, मोठी झाली, आम्हाला विसरली, असं मी सांगत आलो होतो आणि लोक माना हलवत आले होते.

मार्चच्या शेवटी गॅव्हिन आमच्या वुलनगाँगला आला. नगरभवनात त्याचा कार्यक्रम होता. मी दुपारी तीनलाच मागच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. गाडीतून पेट्या उतरवून घेत होती माणसं. गॅव्हिन त्यांच्या मागून आला. पन्नाशीला टेकलेला, डोकं तुळतुळीत, गळ्यात कसलंतरी ओळखपत्र.

“गॅव्हिन.”

त्याने मला ओळखायला वेळ घेतला. मग हसला. “मिस्टर ट्रँटर. अरे वा. अजून आहात?”

“त्या लेखात लिओनीचं नाव वर घ्यायला सांग त्यांना. तुझं ऐकतील.”

“काका, तो लेख मी लिहीत नाही. लोक लिहितात.”

“तू एका पेपरवाल्याला एवढंच सांग की चाली तिच्या होत्या. तेवढं छापून आलं की झालं.”

“वीस वर्षं मी ते नाव जिवंत ठेवलं,” तो म्हणाला. “ती गेली तेव्हा अंत्यविधीला कोण आलं होतं? पंधरा माणसं. त्यांतसुद्धा तुम्ही नव्हतात.”

“नोलीन म्हणाली, येऊ नकोस.”

“शहाणी बाई.” तो जवळ आला आणि हळू आवाजात बोलू लागला, माणसं ऐकत नाहीत ना बघत. “तुम्ही हातोडा घेऊन आलात त्या दिवशी मी तुमच्या गॅरेजच्या दारात होतो. विसरलात? तिने मासळीच्या दुकानात दीड वर्ष राबून ते तालाचं यंत्र घेतलं होतं. तुम्ही चार घाव घातलेत. मी मोजले. तर आता पेपरवाल्याला मी काय काय सांगू ते सांगा. तुम्ही म्हणाल ते सांगतो.”

मी गाडीतून उतरणाऱ्या पेट्यांकडे पाहत राहिलो.

“नाही ना? मग घरी जा, काका. ऊन फार आहे.”

तो खोटं बोलत नव्हता. एकोणनव्वद साली मी रात्रपाळी करून आलो होतो. दिवसा झोपायचं, आणि गॅरेजमधून ते ठोके येत होते, ठक ठक ठक, थांबतच नव्हते. आठ तास मी तोच आवाज ऐकून आलो होतो. मी जाऊन यंत्र फोडलं. लिओनी रडली नाही. तिने तुकडे फळांच्या खोक्यात भरले, खोकं उचललं आणि दुपारच्या गाडीने सिडनीला गेली. एकोणीस वर्षांची होती. त्यानंतर मी तिला पाहिलं नाही. झोपमोड झाली म्हणून फोडलं असं मी नोलीनला सांगितलं. खरं म्हणजे दारात उभा राहून मी आधी थोडा वेळ ऐकलं होतं. त्यातला प्रत्येक आवाज मला ओळखू येत होता आणि पोरगी माझी टिंगल करते आहे असं मला वाटलं होतं.

मे महिन्यात टेपहिसने चर्चेच्या पानावर लिहिलं, ‘सापडलं!’

सिडनीत तेव्हा गाण्याबजावण्याचं एक फुकट साप्ताहिक निघायचं. ते बंद पडून जमाना झाला. याने अडगळीतली खोकी तीन आठवडे उपसून शहाण्णव सालचा एक अंक काढला होता. त्यात लिओनीची पानभर मुलाखत होती. गॅव्हिन त्या दिवशी आजारी होता म्हणून ती एकटीच बोलली होती. त्याने पानाचं छायाचित्र चढवलं होतं. बाईंनी अक्षरं मोठी करून दिली.

“तुम्ही वाचता की मी वाचू?”

“मीच वाचतो.”

विचारणाऱ्याने विचारलं होतं, चाली कोण करतं? लिओनीने सांगितलं होतं : ‘मीच. आवाज मी गोळा करते, यंत्रं मी जोडते, चाली माझ्या. गॅव्हिन कार्यक्रमात आवाज चढवतो-उतरवतो, आणि ते तो छान करतो.’

मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी टाळीच वाजवली, मग स्वतःच तोंडावर बोट ठेवलं.

“पुढे वाचा,” त्या म्हणाल्या.

हे लोखंडी ठोके कुठून आले, असं त्याने पुढे विचारलं होतं.

‘वडिलांकडून. ते कारखान्यात होते, कोल्ड स्ट्रिपमध्ये. मी लहान असताना रविवारी ते मला कारखान्याच्या कुंपणापाशी न्यायचे. खांद्यावर बसवायचे आणि म्हणायचे, ऐक, लिओनी, हा रोलर बोलला, ही क्रेन. माझं पहिलं यंत्र त्यांनीच घेऊन दिलं. मी एकोणीस वर्षांची असताना ते कारखान्यातच अपघातात गेले. आमचं प्रत्येक गाणं त्यांचं आहे.’

बाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

“कुंपणापाशी?” त्यांनी विचारलं.

“कधीच नाही. एकदासुद्धा नाही.”

“आणि यंत्र?”

“यंत्राचं तुम्हाला सांगितलं तर तुम्ही मला उद्यापासून शिकवणार नाही.”

त्यांनी विचारलं नाही. मी परत पहिल्यापासून वाचलं. तो खांद्यावर घेणारा माणूस कोण होता हे मला ठाऊक नव्हतं. पण त्याच्याबद्दल ती असं बोलली होती की मलाही तो आवडला.

टेपहिस शब्दाला जागला. त्याने पहिली ओळ बदलली. ‘कोल्ड स्ट्रिप ही लिओनी ट्रँटर आणि गॅव्हिन पास्को यांची इलेक्ट्रॉनिक संगीताची जोडी होती. चाली प्रामुख्याने ट्रँटर हिच्या.’ पुढे बारीक आकडा, आणि खाली त्या साप्ताहिकाचं नाव. मॅगपायला ती ओळ काढता येईना, कारण छापील होतं. अकरा दिवस मी रोज सकाळी वाचनालय उघडायच्या वेळी जाऊन ती ओळ वाचून येत होतो.

बाराव्या दिवशी मॅगपायने चर्चेच्या पानावर लिहिलं :

‘एक साधा प्रश्न. क्लेम ट्रँटर या नावाने लिहिणारे गृहस्थ मार्चपासून सांगतायत की ते लिओनीचे वडील आहेत. मुलाखतीत लिओनी म्हणते की ती एकोणीस वर्षांची असताना, म्हणजे १९८९ साली, वडील वारले. दोन्ही खरं कसं असेल? हे गृहस्थ खरे असतील तर मुलाखतीत धडधडीत थाप आहे. जिवंत बापाला जी मारून टाकते ती चालींबद्दल खरं बोलली असेल कशावरून? मग तो संदर्भ बाद, आणि लेख होता तसा करावा लागेल. टेपहिस, तुमचं काय मत?’

टेपहिसने चार तासांनी लिहिलं, ‘मला हे म्हणायला आवडत नाही, पण मुद्दा बरोबर आहे. क्लेम, तुम्हीच सांगा. तुम्ही तिचे वडील आहात का? सात दिवस वाट पाहू.’

खाली मॅगपायची आणखी एक ओळ होती. ‘आजोबा, घाई नाही. मेलेल्या माणसाला वेळच वेळ.’

बाईंचा चेहरा लाल झाला. “जन्मदाखला आहे ना लिओनीचा? त्यावर तुमचं नाव आहे. तुमचं पेन्शनचं कार्ड. आपण फोटो काढून टाकू. दाखवू या पक्ष्याला.”

“दाखवलं की काय होईल?”

“तुम्ही खरे ठराल.”

“आणि ती?”

बाईंनी कळफलकावरून हात काढला.

“ती खोटारडी ठरेल,” मी म्हटलं. “आणि परत बाराव्या ओळीत जाईल. मदतीला.”

“काहीच उत्तर देऊ नका मग. सात दिवस जाऊ देत.”

“म्हणजे तो म्हणेल, म्हातारा जिवंत आहे पण घाबरला. बाई, जरा सरका. मला लिहायचंय.”

मी लिहायला बसलो. एका ओळीला दोन-तीनदा हात थांबला. बाई शेजारी होत्या पण त्या खिडकीकडे पाहत होत्या. तासाभराने एवढं झालं :

‘मी लिओनी ट्रँटरचा बाप नाही. तिचे वडील १९८९ साली कारखान्यात वारले. मी त्यांच्याच विभागात कामाला होतो. चांगला माणूस होता. मुलीला रविवारी कुंपणापाशी घेऊन यायचा ते मी पाहिलं आहे. मी त्याचं नाव घेऊन इथे लिहिलं. खोटं बोललो. मुलाखतीत ती सांगते ते सगळं खरं आहे.’

“बाई, चुका बघता?”

“हे मी तपासणार नाही,” त्या म्हणाल्या.

“बाई.”

“नाही म्हटलं ना, क्लेम. दुसरं काहीही सांगा.”

मी तसंच पाठवून दिलं.

पहिलं उत्तर टेपहिसचं होतं. ‘तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून मी तीन आठवडे धुळीत घालवले. मला तुमची दया आली होती. एका मेलेल्या मुलीचा बाप म्हणवून घेताना तुम्हाला काहीच वाटलं नाही? ज्या माणसाने तिला खांद्यावर घेतलं त्याचं नाव चोरलंत तुम्ही. या खात्यावर कायमची बंदी घालावी असं मी सुचवतो.’

मॅगपायने लिहिलं, ‘सहमत. असे म्हातारे पाहिलेत मी. स्वतःचं कोणी नसतं, मग दुसऱ्याच्या थडग्यावर जाऊन रडतात. मला पहिल्या दिवसापासून वास येत होता. मुलाखतीबद्दलची माझी हरकत मागे घेतो.’

त्या पानावर त्या दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. संध्याकाळपर्यंत माझ्या नावावर लाल पट्टी आली आणि लिहायची जागा बंद झाली. मॅगपाय नुसता हरकत मागे घेऊन थांबला नाही. त्याने लेखात वडिलांवर एक परिच्छेदच जोडला. कुंपण, रविवार, खांदे, अपघात, सगळं नीट मांडलं. माणूस दुष्ट असला तरी लिहितो चांगलं.

जुलैत एका वर्तमानपत्राने तो परिच्छेद वाचून गॅव्हिनला गाठलं. त्या तबकड्या तेव्हा पुन्हा एकदा बाजारात येत होत्या. केव्ह तो पेपर घेऊन क्लबात आला. हिरवळीच्या कडेच्या बाकावर बसून त्याने मला मोठ्याने वाचून दाखवलं, कारण मला वाचता येतं हे तो अजून विसरतो.

“‘लिओनीच्या वडिलांना मी ओळखत होतो,’ असं म्हणतोय हा पास्को. ‘देवमाणूस. ते गेले नसते तर आमचं संगीत जन्मलंच नसतं. चाली तिच्याच होत्या, आणि त्या त्यांच्यामुळे होत्या.’” केव्हने पेपर खाली घेतला. “क्लेम, यांनी तुला मारलं रे.”

“वाचलं मी सकाळी.”

“वाचलं? आणि बसलायस? लेका, तू इथे माझ्यासमोर सँडविच खातोयस! अपघातात गेला म्हणे. त्या साली आपल्या विभागात कोणीसुद्धा गेलं नाही, मी युनियनचा माणूस होतो, मला ठाऊक नाही?” त्याने खिशातून फोन काढला. “नंबर छापलाय इथे खाली. थांब, मी सांगतो यांना. म्हणतो, मेलेला माणूस इथे बसलाय, या आणि बघा.”

“ठेव तो.”

“ठेवतो कशाला? तुझी पोरगी वेडी होती का असलं काही सांगायला? की तूच काही केलं होतंस तिला?”

तो हसत होता. त्याने दोन आकडे दाबले होते. मी त्याचं मनगट धरलं. एकतीस वर्षं पत्रे ओढलेला हात आहे माझा, अजून जोर गेलेला नाही.

“क्लेम, दुखतंय.”

त्याने तोंड वर करून माझ्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. पलीकडच्या हिरवळीवरचे दोघे खेळायचे थांबले.

“क्लेम. सोड. हाड आहे ते.”

फोन त्याच्या हातातून गवतावर पडला. तोवर मी सोडलं नाही.